आधी पाय, मग खबर

आमच्या फौजदारांना वेडं म्हणणाऱ्यांशी मी आजवर भांडत आलो आहे आणि तोंडातून शब्द फुटतो आहे तोवर भांडणार आहे. कल्याणात अजूनही एखाद्या ओट्यावर चार पेन्शनर जमले की त्यांचा विषय निघतो. मग कुणीतरी कपाळाशी बोट नेऊन फिरवतो आणि बाकीचे हसतात. मी तिथे असलो तर ते हसणं लवकर आवरतं. त्यांच्या पोलीस कचेरीत मी कारकून होतो, फौजदारांच्या मेजाला मेज लावून बसत होतो. या ओटेकऱ्यांनी त्यांना फक्त रस्त्याने जाताना पाहिलेलं.

रस्त्याने जाताना ते विचित्र दिसायचे, हे मला मान्य आहे. उंच, किंचित पोक काढून चालणारे, फेटा एका कानावर कलंडलेला आणि नजर सदा जमिनीला. समोरून मामलेदार आले तरी हे आधी त्यांच्या जोड्यांकडे पाहत आणि मग तोंडाकडे. डगल्याच्या ज्या खिशात इतर फौजदार चिरूट ठेवत, त्यात यांची खोबरेल तेलाची बाटली असे. त्या खिशावर तेलाचा मोठा डाग कायमचा बसला होता. ठाण्याहून साहेब तपासणीला यायचा असला की घरचे नवा डगला काढून ठेवत आणि हे मुद्दाम तोच डागाळलेला घालून येत.

कचेरीच्या मागच्या अंगणात एक दगडी डोण होती. पूर्वी तिच्यात घोड्यांना पाणी पाजत. फौजदार बदलून आले त्या आठवड्यातच त्यांनी ती घासूनपुसून घेतली आणि तिच्याशेजारी चूल मांडली. तिथे सदा पाणी तापत असे आणि त्यात खाडीवरचं मूठभर जाडं मीठ पडे. शिपाई कुठूनही येवो, खडवलीकडचा रोंद, म्हणजे गस्त, करून येवो की ठाण्याच्या तुरुंगात कैदी पोचवून येवो, त्याने पहिल्यांदा डोणीशी जायचं, वहाणा काढायच्या, पाय धुवायचे आणि पाटावर बसलेल्या फौजदारांपुढे धरायचे. कुठे दरोडा पडलेला असो नाहीतर मुडदा सापडलेला असो, तोंड उघडायच्या आत फौजदार म्हणत, "आधी पाय, मग खबर."

आणि ते नुसते लांबून बघत नसत. पाय हातात घेत, टाच दाबत, बोटांमधल्या चिखल्या पाहत, लागलं तर स्वतः तेल लावत. आमच्या शिपायांत आगरी होते, कोळी होते, घाटावरून आलेले मराठे होते, दोन-तीन मुसलमान होते. फौजदार पांढरपेशे, चांगल्या खात्यापित्या घरातले. वरच्या अधिकाऱ्याने शिपायाचा पाय मांडीवर घ्यायचा म्हणजे काय, तुम्हीच सांगा. गावात कुजबुज झाली, मग उघड बोलणं झालं, आणि शेवटी दोन प्रतिष्ठित गृहस्थ त्यांना समजवायला कचेरीत आले. फौजदारांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काल तुमच्या आळीत चोर शिरला तेव्हा तुम्ही पोलीस पोलीस म्हणून ओरडलात. तेव्हा जे पाय धावत आले ते हेच. तेव्हा तुम्ही जात विचारली होती का?" गृहस्थ चहा न घेता गेले, आणि पुन्हा आले नाहीत.

हे ऐकून कुणाला वाटेल की फौजदार मोठे मायाळू असतील. मुळीच नाही. तोंडाने फटकळ, शाब्बास हा शब्द त्यांना ठाऊक नव्हता, आणि रागावले की पाठ करून भिंतीशी बोलत. 'मी दमलो' असं एखादा म्हणाला तर त्याला झापत, आणि दमूनही बोलला नाही तर दुप्पट झापत. एकदा एक शिपाई खडवलीपर्यंतचा रोंद पुरा करून आलो म्हणून छाती काढून उभा राहिला. फौजदारांनी पाय पाहिले. पाऊस होऊन गेलेला, वाटेवर गुडघाभर चिखल, धुतल्यावरही नखांत माती राहतेच, आणि याच्या नखांत मातीचा कणसुद्धा नाही. दंड नाही, शिवी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार त्याला घेऊन स्वतः तो सगळा रोंद चालले, आणि वाटभर त्याच्याशी भाजीपाल्याच्या गप्पा मारत राहिले. तो शिपाई परत आला तेव्हा रडकुंडीला आला होता. त्यानंतर त्याने कधी रोंद चुकवला नाही.

तेलाचा अतिरेक झाल्याचाही एक प्रसंग सांगायलाच हवा. मोठे साहेब ठाण्याहून कवायत पाहायला आले होते. फौजदार पाय बघतील या भीतीने एका नव्या शिपायाने सकाळी पायांना इतकं तेल चोपडलं की 'सावधान'चा हुकूम झाल्यावर त्याने जोरात पाय आपटला आणि वहाण निसटून थेट साहेबाच्या घोड्याच्या पोटाखाली गेली. घोडा उधळला, साहेबाची टोपी पडली, रांगेतले सगळे ओठ चावून उभे. साहेबाने लालबुंद होऊन फौजदारांकडे पाहिलं. फौजदार खाली वाकून त्या शिपायाच्या अनवाणी पायाकडे पाहत होते. म्हणाले, टाच मात्र चांगली ठेवली आहे. तो साहेब जुना आणि दिलदार होता म्हणून ते निभावलं.

कचेरीमागे एक म्हैसही होती. कोंडवाड्यातल्या लिलावात बेवारशी निघालेली ती म्हैस फौजदारांनी स्वतःच्या पैशाने घेतली. पहाऱ्यावरून उतरणाऱ्या प्रत्येकाला तिचं पेलाभर ऊन दूध मिळायचं. दूध प्यायल्याशिवाय घरी जायची बंदी होती. हे सगळं कशासाठी, असं मी त्यांना एकदाच विचारलं, आणि त्यांनी भिंतीकडे न वळता मला उत्तर दिलं होतं, म्हणून ते नीट लक्षात आहे. "अहो कारकून, दारू प्यालेल्याच्या हातात आपण काठी देत नाही. मग दमलेल्याच्या हातात का देतो? तो कुणाला मारेल हे त्यालाच ठाऊक नसतं." बाजारात एका शिपायाने माळणीला ढकललं होतं, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोष्ट. शिक्षा त्या शिपायाला थोडी झाली. ज्या हवालदाराने त्याला सलग पहाऱ्यांवर जुंपलं होतं त्याला जास्त झाली. यात वेडेपणा कुठला ते मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

मग प्लेगचं साल आलं.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगून कळायचं नाही. कल्याणच्या स्टेशनावर प्रत्येक गाडीतून माणसं उतरवून तपासत. ज्याच्या अंगात ताप किंवा काखेत गाठ, त्याला बाजूला काढून माडाच्या झापांच्या इस्पितळात नेत. गावागावांतून घरं तपासायला टोळ्या निघत. डॉक्टर पुढे, आणि दार उघडायला, माणसं बाहेर काढायला, अंथरुणं जाळायला आमचे शिपाई. लोक पोलिसांच्या अंगावर थुंकत. त्यात ठाण्याहून हुकूम आला की सर्वांच्या रजा बंद, आणि कुणीही घरी जायचं नाही. फौजदारांनी हुकूम वाचला, घडी करून खिशात घातला, तो तेलाच्या खिशात, आणि शिपायांच्या पाळ्या अशा लावल्या की काही माणसं कुठल्याही वेळी झोपलेलीच असली पाहिजेत. झोपणं हेही काम आहे, असं त्यांनी कवायतीत सगळ्यांना मोठ्याने सांगितलं.

आमच्यात धर्मा नावाचा एक आगरी शिपाई होता. उल्हास नदीपलीकडच्या मोहने गावचा, दणकट, हसतमुख. एका तपासणीत खाडीकडच्या गावात एक म्हातारी घरच्यांनी भाताच्या कणगीमागे दडवून ठेवली होती. ती धर्माला सापडली. त्याच्या आईच्या माहेरची निघाली ती. तिने त्याला नावाने हाक मारली, हात जोडले. धर्माने तिला उचलून बाहेर आणलं, कारण हुकूम तो होता. म्हातारी झापांत दोन दिवसही जगली नाही. धर्मा पूर्वीसारखाच वागायचा. मशेरी लावायचा, कामावर जायचा, विचारलं तर बरं आहे म्हणायचा. आम्ही सगळे फसलो.

फौजदार फसले नाहीत. एका सकाळी पहारा संपवून धर्मा डोणीशी आला, तेव्हा मी काही कागद घेऊन तिथेच उभा होतो. फौजदारांनी त्याचा पाय हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. टाचा फुटल्या होत्या, तळव्याला मोठे फोड, एक फुटून लाल झालेला.

"तुझा पहारा स्टेशनावर. एका जागी उभं राहायचं काम," ते हळू म्हणाले. "मग इतकं चालतोस कुठे?"

धर्माने पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला. मग म्हणाला, "नदीवं जातो साहेब. तथनं पलीकडं माजं घर दिसते. बघतो, मंग परत येतो."

"पलीकडे जात नाहीस?"

"कसा जाव? माज्या कपऱ्यांतून पोरांना काय झाला तं? आन झोपलो का ती म्हातारी हाक मारते. म्हून चालतो."

फौजदारांनी त्याच्या फोडांना तेल लावलं, जुन्या धोतराची पट्टी बांधली, दूध पाजलं. मग त्याला कचेरीतल्या आतल्या खोलीत नेऊन स्वतःच्या खाटेवर निजवलं आणि म्हणाले, "हा माझा हुकूम आहे. तू झोपायचंस. मी बाहेर बसलो आहे. कुणी हाक मारली तर ओ मी देईन." खोलीचं दार लोटून त्यांनी खुर्ची दारात आडवी टाकली आणि तिच्यावर बसून राहिले. थोड्या वेळाने आतून घोरणं ऐकू येऊ लागलं. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटणारं काही माझ्या कानांवर पडलं नव्हतं.

दुपारी छोटे साहेब आले. हे नवे, तरुण, विलायतेहून येऊन फार दिवस झाले नव्हते. मराठी शिकले होते, पण पुस्तकातली. दुपारच्या पाळीला धर्माचं नाव होतं, आणि स्टेशनावर तो जागेवर नव्हता. प्लेगच्या दिवसांत जागा सोडली म्हणजे पळून गेला, पळून गेला म्हणजे नोकरी गेली आणि वर तुरुंग. साहेब कचेरीत शिरले ते तोच शब्द घेऊन. शिपाई कुठे पळाला, असं त्यांनी विचारलं. फौजदारांनी उभं राहून सलाम केला. शिपाई पळालेला नाही, आत झोपला आहे, माझ्या हुकमाने झोपला आहे, आणि त्याच्या जागी हवालदार उभा केला आहे, असं त्यांनी सांगितलं.

साहेबांनी आतल्या दाराकडे बोट केलं. मग म्हणाले, उठवा त्याला. फौजदार म्हणाले, नाही उठवणार. साहेब माझ्याकडे वळले. मी म्हटलं, माझं काम लिहिण्याचं, उठवण्याचं नाही. 

मग साहेब स्वतः दाराकडे निघाले. फौजदार खुर्ची ढकलून दारात उभे राहिले. हात उगारला नाही, आवाज चढवला नाही.

"साहेब, माणूस मोडला तर दुसरा मिळेल असं तुम्हाला वाटतं," ते म्हणाले. "मिळेल. तोही मोडेल. मग काठ्या उरतील आणि त्या धरणारे हात उरणार नाहीत. हुकूम माझा आहे, जबाबदारी माझी आहे. पट्टा माझा घ्या. तो झोपलेला राहील."

आणि त्यांनी कमरेचा पट्टा सोडून मेजावर ठेवला. आतून घोरणं चालूच होतं. साहेब ते ऐकत उभे राहिले. त्यांच्या तोंडावर काय होतं ते मला नीट सांगता येत नाही, पण पट्टा त्यांनी घेतला नाही. ठाण्याला वर कळवतो, उत्तर येईपर्यंत तुम्ही कामावर राहा, एवढंच म्हणून ते गेले.

दुसरा कुणी असता तर उत्तर येईपर्यंत शेपूट घालून बसला असता. आमच्या फौजदारांनी त्या दिवसांत एक नवा पहाराच काढला. नदीकाठी प्लेगची संशयित माणसं चोरून उतरतात, तेव्हा काठावर दोन शिपाई हवेत, असं त्यांनी ठरवलं. हा पहारा उन्हं कलायच्या आधी, आणि त्यावर पाळीपाळीने जायचं, ज्यांची घरं पलीकडे त्यांनी आधी. पहिल्या दिवशी ते स्वतः धर्माबरोबर गेले. तरीवाल्या नावाड्याकडून मोहन्यात निरोप आधीच गेला होता. पलीकडच्या काठावर धर्माची बायको आणि पोरं उभी होती. नदीचं पात्र रुंद, बोललेलं धड ऐकू जात नव्हतं. धर्मा ओरडून विचारत होता की जेवलात का, आणि ती ओरडून सांगत होती की भात झोडून झाला, म्हशीला रेडकू झालं, धाकट्याचा दात पडला. फौजदार त्यांच्याकडे पाठ करून वाळूत बसले होते, संशयितांवर लक्ष ठेवून. त्या पहाऱ्यात एकही संशयित सापडला नाही. पण आमच्या शिपायांपैकी एकही माणूस त्या साली पळाला नाही, आणि ज्यांना हे वेडेपण वाटतं त्यांनी शेजारच्या तालुक्यांत काय झालं ते विचारून यावं.

ठाण्याचं उत्तर आलं. धर्मावर काहीच नव्हतं, कारण सगळा दोष फौजदारांनी स्वतःकडे घेतला होता. फौजदारांचा हुद्दा उतरवून त्यांना ठाण्याला हलवलं. काठावरचा पहारासुद्धा त्यांच्या अपराधांत जमा झाला होता. वर्षभराने त्यांनी नोकरीच सोडली. पुढे एकदा ठाण्याला तलावाच्या काठी मला भेटले. मी भारावून नमस्कार केला, तर ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "कारकून, डावी टाच घासून चालता. जोडा बदला." बाकी काही विचारलं नाही. मी त्याच आठवड्यात जोडा बदलला.

पण मला सांगायचं आहे ते त्यांच्या जाण्याच्या दिवसाचं. नवे फौजदार आले होते, छोटे साहेबही हजर होते, सामान स्टेशनावर गेलं होतं. शिपाई अंगणात जमले होते. फौजदारांनी कुणाशी निरोपाचं बोलणं केलं नाही. म्हशीच्या पाठीवर थाप मारली, चुलीतलं लाकूड आत सारलं आणि निघाले. तेवढ्यात धर्मा वाटेत आडवा आला. त्याने पाट आणून डोणीशी ठेवला.

"बसा साहेब," तो म्हणाला. "तुमचं पाय दाखवा."

फौजदार म्हणाले की गाडीची वेळ झाली. धर्मा हलला नाही.

"तुमचाच हुकूम हाय. आदी पाय."

इतक्या वर्षांत त्यांचे पाय आम्ही कुणीच पाहिले नव्हते. सदा बूट, सदा मोजे. ते उभेच राहिले, मग हळूहळू पाटावर टेकले. धर्माने बूट काढले, मोजे काढले. मोजे तळव्याला चिकटले होते, ते पाण्याने भिजवून सोडवावे लागले. उजव्या टाचेची चीर इतकी खोल होती की तिच्यात कापूस कोंबून ठेवलेला होता. दोन नखं काळी पडून उचकटलेली. आम्हा सगळ्यांपेक्षा वाईट पाय होते ते, आणि त्याच पायांनी त्यांनी खडवलीचा रोंद केला होता, नदीकाठ केला होता, आणि दारात उभे राहिले होते.  माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसलेही नाहीत.

धर्माने त्यांच्याच डगल्याच्या डागाळलेल्या खिशात हात घालून बाटली काढली. पाय मांडीवर घेतला आणि तेल लावू लागला. फौजदार भिंतीकडे तोंड करून बसले होते.

छोट्या साहेबांनी घड्याळ काढलं आणि जरा चढ्या आवाजात मला विचारलं की हे काय चाललं आहे, याचा अर्थ काय.

मी म्हटलं, "साहेब, आधी पाय. खबर नंतर."

स्टेशनाच्या बाजूने शिट्टी झाली आणि गाडी गेली. पाटावरून कुणी उठलं नाही.